मदत हवी आहे: दोन महिन्यांच्या देशी पिल्लाला (मादी) नाव सुचवा, अटी जरा वेगळ्या आहेत

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे एक देशी पिल्लू आलंय. मादी आहे, अंदाजे दोन महिन्यांची, अंग भाजक्या शेंगदाण्याच्या रंगाचं, तोंड काळं, एक कान उभा आणि दुसऱ्याचं अजून ठरत नाहीये. सोसायटीच्या मागे टॉवरचं काम चालू आहे तिथे आई गाडीखाली गेली म्हणून वॉचमन घेऊन आला, दोन दिवस ठेवा म्हणाला, आता तो त्या विषयावर बोलतच नाही. नाव काही ठरत नाही. गूगलवर ल्युना, बेला, कोको, सिंबा हेच फिरून फिरून येतं, म्हणून इथे विचारतेय.

आधी आमची माहिती देते म्हणजे त्या हिशोबाने सुचवाल. मी ६१, नवरा ६६, डोंबिवली पूर्वेला जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलगा-सून पुण्यात. आधी आमच्याकडे बंड्या नावाचा कुत्रा होता, चौदा वर्षं होता, पण तेव्हा आम्ही चाळिशीत होतो आणि त्याचं नाव मुलाने शाळेतून घरी येता येता ठेवलं होतं, पाच मिनिटांत विषय संपला. आता बघते तर नाव ठेवायला बसलं की आमच्या दोघांच्या तब्येतीचीच यादी निघतेय.

पहिली अट, नावात स, श, च, छ काही नको. मला दिवाळीनंतर खालची कवळी बसवलीय. खाणं वगैरे ठीक आहे पण 'स' म्हटलं की शिट्टी वाजते. सुनेने 'सोफी' सुचवलं, मी फोनवर म्हणून बघितलं, पलीकडून दोघंही हसायला लागले आणि पिल्लू मात्र टेबलाखालून धावत आलं. ते नावाला आलं की शिट्टीला आलं हे देवाला माहीत.

दुसरी अट नवऱ्याच्या कानांची. त्यांना ऐकू येतं असं त्यांचं म्हणणं आहे. ऑडिओमेट्रीवाल्या मुलीने ग्राफ दाखवून नीट समजावलं होतं की वय झालं की वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, त्यामुळे बोलणं ऐकू येतं पण शब्द कळत नाही, स, फ वगैरे अक्षरं गळून पडतात. मशीन घेतलंय, ते कपाटात आहे. मी 'फिफी' अशी हाक मारली तर आतून "कोण आलंय?" म्हणून विचारतात. आणि कुत्र्याला मात्र आपल्या दुपटीहून जास्त वरच्या पट्टीचं ऐकू येतं, म्हणजे घरात एकाच हाकेला दोन टोकं. नाव असं पाहिजे की मी हॉलमधून हाक मारली तर दोघांनाही कळलं पाहिजे की ती नक्की कोणाला आहे.

तिसरी म्हणजे आठवणीची. मी सध्या तिला हाक मारताना आधी बंड्या म्हणते, मग मुलाचं नाव, मग माझ्या धाकट्या भावाचं नाव (तो ५५ वर्षांचा आहे, बँकेत मॅनेजर आहे), आणि मग "अगं ए" वर येते. तोपर्यंत तिचं चटईवर उरकलेलं असतं. हे नॉर्मल आहे का हेही कोणी सांगा, कारण रात्री झोप लागत नाही तेव्हा मी मोबाइलवर नको ते वाचत बसते.

गॅलरीतून ओरडताना लाज वाटणार नाही असंही हवं. बी विंगमध्ये राणीकाकू आहेत, ए विंगमध्ये पिंकी आहे, पहिल्या मजल्यावरच्या बाळाचं नाव कियान आहे त्यामुळे कियाशी जुळणारं काही नको, आणि चिंगी म्हणजे सेक्रेटरींची बायको (घरचं नाव, पण सगळ्यांना माहीत आहे, आणि सेक्रेटरींशी मला वाकड्यात जायचं नाही कारण पाण्याचा व्हॉल्व्ह त्यांच्या हातात असतो).

कोको मला खरं तर आवडलं होतं. पण आम्ही दिवसभर तिला "नको, नको" म्हणत असतो, चप्पल नको, वायर नको, तिला दोन्ही सारखंच ऐकू येणार. मुलाचं म्हणणं तुम्ही तिला इंग्लिशमध्ये नो म्हणा. या वयात मी कुत्र्यासाठी भाषा बदलणार नाही.

आता घाई का, तर डॉक्टरांकडे पहिल्या डोसला गेलो तेव्हा कार्डावर नाव विचारलं, आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं, तिथल्या मुलीने सरळ 'बेबी' लिहून टाकलं. मग थोड्या वेळाने आतून पुकारा, "बेबीची आजी कोण आहे? आत या." शेजारी एक बाई लॅब्राडोर घेऊन बसलेली, माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी लहान असेल, तिला मात्र "ब्रूनोची मम्मी". आणि नवऱ्याला काहीच नाही, ते "सोबतचे". घरी येईपर्यंत ते मला आजी म्हणत होते.

जंताच्या औषधाची बाटली एवढीशी, तिच्यावर किती एमएल ते माझ्या चष्म्यातून दिसेना, ह्यांच्या चष्म्यातून दिसेना, शेवटी मोबाइलने फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला, आणि मोठा केल्यावर कळलं की तो भाग उत्पादनाचा पत्ता आहे. ड्रॉपरवरच्या रेघा तर पुसटच. आता मी नेलपॉलिशने रेघ मारून ठेवलीय.

सुनेने हळूच विचारलं की आई, देशी कुत्री बारा-पंधरा वर्षं जगतात, तुम्ही तेव्हा किती वर्षांच्या असाल? हिशोब मलाही येतो. ७५. म्हणून म्हणते, नाव असं द्या की जे मला पंच्याहत्तराव्या वर्षीही आठवेल, दात नसताना म्हणता येईल आणि जिन्यात दम लागलेला असताना एका श्वासात बसेल.

दुसरा प्रश्न, आमच्या वयात पिल्लू वाढवणाऱ्यांनी काय सोय केली तेही लिहा. मला खाली वाकून पेपर उचलायचा त्रास होतो, मांडी घालून बसले तर उठताना भिंत लागते.

---

खारीबिस्कीट:

काकू, अभिनंदन! आमच्या ट्रेनरने सांगितलं होतं की नाव दोन अक्षरी ठेवा, शेवटी स्वर मोकळा हवा, आणि क, ट, ड असं तोडून म्हणता येणारं एखादं अक्षर असलं तर कुत्र्याचं लक्ष पटकन जातं. तुमच्या अटीत बसणारी: बर्फी, बुंदी, कैरी, टिकली, डाळू, गौरी, ठमी, बकुळ. (बर्फीत फ आहे, काकांना 'बर्री' ऐकू येईल, चालत असेल तर बघा.) नाव घेतलं की लगेच खाऊ, असं दिवसातून थोडं थोडं करा, आठवड्याभरात ओळखेल. आणि रागवताना नाव घेऊ नका, नाहीतर नाव ऐकलं की पलंगाखाली जाते, आमची जाते.

टपरीवरचा:

ओटीपी ठेवा. नाहीतरी घरात दिवसभर "ओटीपी आला का, ओटीपी आला का" चालूच असतं.

कडक_चहा:

नावांच्या गोंधळाबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे आईचं अगदी हेच चालतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या लोकांनी २०१६ मध्ये यावर पेपर छापलाय, सतराशेहून जास्त लोकांना विचारून. माणूस चुकीचं नाव घेतो ते सहसा त्याच गटातलं घेतो, घरच्याला घरच्याचं, मित्राला मित्राचं. आणि गंमत म्हणजे घरच्यांच्या त्या यादीत कुत्र्याचं नाव येतं, मांजराचं जवळजवळ येत नाही. कॉलेजच्या पोरांमध्येही हे सापडलं, त्यामुळे वयाशी लगेच जोडू नका. बंड्या, मुलगा, भाऊ या क्रमाने तुम्ही जाताय म्हणजे पिल्लू घरचं झालंय इतकंच. वस्तू कुठे ठेवली, गॅस बंद केला का, ओळखीचा रस्ता, असल्या गोष्टी अडायला लागल्या तर मात्र डॉक्टरांना दाखवा, मोबाइलला नाही.

वयाच्या हिशोबाचं पण सांगतो. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हे काही खरं नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅन डिएगो विद्यापीठातल्या लोकांनी लॅब्राडोरांच्या डीएनएवरून वेगळं सूत्र काढलं, त्यात कुत्रं सुरुवातीला धावत सुटतं आणि पुढे हळू होतं. एक वर्षाचं कुत्रं माणसाच्या ३१ चं, चार वर्षांचं साधारण ५३ चं, सात वर्षांचं ६२ चं. देशीला तंतोतंत लागू होईल असं नाही. पण तुमची पोरगी सात वर्षांची झाली की साधारण आज तुम्ही आहात तिथे येते. तेव्हा जिना दोघी मिळून हळूहळू चढा.

एकच_पायरी:

नावाचं मला कळत नाही, सोयीचं लिहिते. मी ६८, आमचं तिसरं कुत्रं.

पहिलं म्हणजे पट्ट्याला बारीक घुंगरू बांधा. पिल्लू पायात येतं आणि आपल्याला कळत नाही. ओळखीतल्या एका बाईंचा खुबा असाच मोडला, कुत्र्याने काही केलं नव्हतं, ओट्याखाली झोपलं होतं फक्त. रात्री पॅसेजमध्ये प्लगचा दिवा ठेवा. पेपर उचलायला लांब दांड्याची सुपडी मिळते, ती घ्या, आणि खाण्याचं भांडं स्टुलावर ठेवता येत नसलं तरी तुम्ही स्टुलावर बसून घालू शकता.

जिन्याचं, आत्ता उचलून न्याल, पण पुढे देशी कुत्री पंधरा-वीस किलोची होते, ती तीन मजले उचलणं विसरा. डोस पूर्ण झाले की तिला पायऱ्यांची सवय लावा, तुम्ही कठड्याच्या बाजूने, ती भिंतीच्या बाजूने, आणि पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही, कधीच नाही. तिसऱ्या महिन्यात रेबीजचं इंजेक्शन, ते चुकवू नका, महापालिकेच्या लायसन्सलाही त्याचा दाखला लागतो.

आणि सुनेचा प्रश्न वाईट वाटून घेऊ नका, उलट तिच्याकडूनच उत्तर घ्या. आम्हाला काही झालं तर कुत्रं कोणाकडे जाणार हे मी भाचीशी बोलून, कागदावर लिहून, वीजबिलाच्या फाइलमध्ये ठेवलंय.

खारीबिस्कीट:

+१ घुंगरू. मांजरं पण हुशार होतात त्याने, आधीच पळतात.

टपरीवरचा:

बंड्याचंच नाव पुढे चालवा ना, बंडी. आठवायला नको, म्हणायला सोपं.

(धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. बंडी नको, ह्यांच्या तीन वाळत घातल्यात. आणि खरं सांगायचं तर बंड्याचं नाव दुसऱ्याला द्यायचं माझ्या मनात नाही.

कडक_चहा, तुमचं वाचून दाखवलं, ह्यांचं म्हणणं की मांजराचं नाव येत नाही कारण मांजर हाकेला येतच नाही, मग मारतंय कोण. एकच_पायरी ताई, सुनेला फोन केला. ती म्हणाली मी त्यासाठीच विचारलं होतं, आमच्याकडे येईल ना. मी आपली चार दिवस मनात धरून बसले होते.

नाव ठरलं. माझ्या नणंदेला कळलं की नाव अजून ठेवलं नाही आणि इंटरनेटवर विचारताहेत, ती रविवारी कल्याणहून घुगऱ्यांचा डबा घेऊन हजर, म्हणाली नाव ठेवायचा मान आत्याचा, मग ते बाळ चार पायांचं असलं म्हणून काय झालं. ती ७२ ची आहे, गुडघे दोन्ही बदललेत, खाली बसता येत नाही म्हणून पिल्लाला डायनिंग टेबलावर ठेवलं (मी कधी ठेवू दिलं नसतं) आणि कानात कुर्रर्र करून 'ठकी' म्हणाली. लहानपणी तिची लाकडी बाहुली होती, तिच्यावरून. पिल्लाने तिची कुडी चाटली आणि मग चावायला घेतली.

मी लगेच तपासून बघितलं. शिट्टी नाही. ह्यांना स्वयंपाकघरात उभं करून, टीव्ही चालू ठेवून, गॅलरीतून हाक मारली, "ठकी म्हणालीस ना?" म्हणून उत्तर आलं, मशीन कपाटातच. बिल्डिंगमध्ये दुसरी ठकी नाही, मी खालच्या पाट्या वाचून आले. मुलगा म्हणतो फार जुनाट वाटतं. मग वाटू दे.

काल डोसला गेलो तेव्हा कार्डावर 'बेबी' खोडून ठकी लिहून घेतलं. आजी तशीच राहिली.

आता फक्त घुंगरू कुठे मिळेल ते सांगा. फडके रोडवर एका दुकानात विचारलं, त्याने मला भरतनाट्यमचे दाखवले, पायाचं माप पण विचारलं.