फ्लूच्या हंगामात तीन दिवस भरपगारी सुट्टी : द्यायची कुणी आणि कशातून?

रांजणगावकर (धागा यांनी काढला)

पावसाची उघडझाप सुरू झाली की आमच्या वाळूज पट्ट्यात घरोघरी कणकण, घसा, अंगदुखी आणि ताप. फ्लूचे आपल्याकडे वर्षाला दोन हंगाम असतात. एक पावसाळ्यातला, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, आणि दुसरा जानेवारी ते मार्च. दिवाळीच्या आधीचं उत्पादन आणि मार्चअखेरचं टार्गेट, दोन्ही नेमकी याच काळात.

एका खोलीत पाच-सहा पोरं राहतात. एक शिफ्टला गेला की त्याच गादीवर दुसरा झोपतो. मग तीच कंपनीची बस आणि तेच कँटीन. आठवड्याभरात अर्धी लाईन खोकत असते, तरी घरी कुणी थांबत नाही. खाडा पडला की त्या दिवसाचा पगार जातो, वर महिन्याचा हजेरी बोनसही जातो. ठेकेदाराकडचा असाल तर चौथ्या दिवशी तुमच्या जागी दुसरा उभा असतो.

‘ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आहे की’ असं म्हणणाऱ्यांसाठी हिशोब मांडतो. रोज ५०० मजुरी, ताप तीन दिवस. ईएसआय पहिले दोन दिवस धरतच नाही. तिसऱ्या दिवसाचे ७० टक्के, म्हणजे ३५० रुपये. बुडाले १५००, हातात आले ३५०. (पंधरा दिवसांच्या आत पुन्हा पडलात तर ते पहिले दोन दिवसही मिळतात. म्हणजे पटापट दोनदा आजारी पडणाऱ्याची सोय आहे!) वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पैसे देणारी ही योजना टायफॉइड, ऑपरेशन असल्या लांबलेल्या दुखण्याला चांगलीच आहे. फ्लू मात्र नेमका तिच्या फटीत पडतो.

म्हणून माझी मागणी : या दोन हंगामांत प्रत्येक कामगाराला तीन दिवस भरपगारी सुट्टी, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय. घरातलं लेकरू तापलं असेल तरी लागू.

मोंढ्यावरून

भाऊ, तुमचा हंगाम ऑगस्ट ते ऑक्टोबर. पोळा, महालक्ष्म्या, विसर्जन, दसरा आणि गावाकडं सोयाबीनची काढणी, सगळं त्यातच. चिठ्ठी नको म्हणल्यावर सगळ्यांना ताप बरोबर त्याच तारखांना येईल.

लातूरला माझी आडत आहे, शेतकऱ्यांचा माल विकून द्यायचं दुकान, सहा माणसं. दसऱ्याच्या आगेमागे आवक सुरू झाली की सकाळी सौद्याला वजन-काट्यावर माणूस लागतोच. दोघं एकदम घरी बसले तर त्यांचा पगार मी द्यायचा आणि बदलीच्या माणसाची दुप्पट मजुरीही मीच द्यायची. वर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन उभा आहे, तो शिव्या देणार ते वेगळंच. २०१७ च्या दुकान कायद्यात वर्षाला आठ दिवस भरपगारी किरकोळ रजा लिहिली, तीसुद्धा तेव्हा दहा आणि त्याहून जास्त कामगार होते तिथंच. छोट्याला बाहेर ठेवलं ते उगाच नाही.

ओपीडी

मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. बाजू घेत नाही, पाहिलेलं सांगतो. तापाचा पेशंट पहिल्या दिवशी येतच नाही. दुकानातून गोळी घेऊन कामावर जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो आणि म्हणतो, “डॉक्टरसाहेब, सलाईन लावा, एखादं कडक इंजेक्शन द्या, उद्या ड्युटीय.” फ्लूला सलाईनचा काय उपयोग? तोंडाने पाणी जात असेल तर काहीच नाही. तरी तो मागतो आणि आमच्यातले काही जण लावतातही. एका बाटलीला जेवढे पैसे जातात त्यात त्याला एक दिवस घरी पडता आलं असतं.

फ्लूवरची खास गोळी, ऑसेल्टामिविर, पहिल्या ४८ तासांत दिली तरच धड काम करते. गरोदर बाई, दमेकरी आणि म्हातारी माणसं यांना तिची गरज असते. ही माणसं उशिरा येतात, कारण घरातल्या कमावत्याला त्यांना घेऊन यायला सुट्टी नसते.

सळई_जालना

डॉक्टर, एक विचारतो. फ्लू म्हणे ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच पसरतो. मग माणूस घरी बसेपर्यंत पसरवून मोकळा झालेला असतो. सुट्टीने काय साधलं? त्यापेक्षा लस टोचा ना. पगाराच्या ३.२५ टक्के आम्ही ईएसआयला भरतो, कामगाराचे ०.७५ टक्के. हे एवढं घेऊन दोन दिवस का कापता, हा प्रश्न ईएसआयला विचारा, मालकाला नको. अमेरिकेसारख्या देशातसुद्धा खाजगी नोकरदारांना भरपगारी आजारी रजा देणारा कायमचा राष्ट्रीय कायदा नाही, काही राज्यांनी आणि शहरांनी आपापला केला आहे.

ओपीडी

आदल्या दिवशी थोडा पसरतो हे खरं. पण सगळ्यात जास्त पसरतो तो ताप चढलेल्या पहिल्या तीन-चार दिवसांत, म्हणजे गोळी खाऊन कामावर जायच्या दिवसांतच. लस जरूर द्या, पण ती दरवर्षी घ्यावी लागते, तिचं संरक्षण पूर्ण नसतं, आणि बालकांच्या सरकारी लसीकरणात ती नाही. लस देणाऱ्याने सुट्टी देऊ नये असं थोडंच आहे?

दोन_लेकरांची_आई

शाळेच्या ग्रुपवर मेसेज येतो : ‘ताप-खोकला असल्यास पाल्यास शाळेत पाठवू नये.’ बरोबरच आहे. पण मग पाल्यापाशी कोण थांबणार, हे त्या मेसेजमध्ये नसतं. आमच्या घरी ते ठरवावं लागतच नाही. ह्यांचा खाडा महाग, माझा स्वस्त, म्हणून मीच थांबते. मी कपड्याच्या दुकानात काउंटरवर आहे. धाकटीचा ताप उतरतो तोवर थोरल्याला येतो आणि मग मला. ईएसआय असली तरी ती माझ्या आजारपणाचे पैसे देते, लेकराच्या नाही. मोंढ्यावरच्या दादांना महालक्ष्म्या दिसल्या. महालक्ष्म्यांचा स्वयंपाकसुद्धा आम्ही अंगात ताप असताना करतो, त्याची सुट्टी कुणी मागितलीय?

कोयता_बीड

तुमचं सगळं मस्टरवरच्या लोकांचं चाललंय. आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीनंतर कारखान्यावर जायचं ते मार्चपर्यंत, म्हणजे तुमच्या दुसऱ्या हंगामात आम्ही कोपीत, थंडीत. बाईला ताप आला तर अर्धा कोयता चालत नाही, दोघांचाही खाडा. तो मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीत चढतो. म्हणजे आमच्याकडं आजारी पडल्यावर मजुरी तर बुडतेच, वर दंड भरायचा. २०१९ मध्ये बीडच्या बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा गाजावाजा झाला, सरकारनं समिती नेमली, तेव्हाही मुळाशी हाच खाडा होता. भरपगारी राहू द्या, आधी आजारपणाचा दंड बंद करा.

कोरडवाहू

समदे मजुराचंच बोलायलेत. माझी चार एकर हाय. सोयाबीन काढायला गुत्तं दिलं, टोळीतले दोघं पडले तर बाकीचे म्हणायलेत एकरी वाढवून द्या. वरून पाऊस यायलाय, शेंगा फुटायल्यात. मी सोता तापलो तर मला कोन सुट्टी देनार? मी मालक का मजूर, ते आधी ठरवा.

परदेशस्थ_परभणीकर

जर्मनीत आजारी माणसाला सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मालकच देतो. पण छोट्या मालकांचा एक सामायिक निधी असतो. सगळे थोडे थोडे भरतात आणि ज्याचा माणूस आजारी पडला त्याला त्यातून बराच भाग परत मिळतो. मोंढ्यावरच्या साहेबांची अडचण तिथेही होती, ती अशी सोडवली.

पाठीवरचं_पोतं

जर्मनीपर्यंत कशाला जायचं? आपला माथाडी कायदा १९६९ चा आहे. हमालाला एक मालक नसतो, आज या आडतीत तर उद्या त्या. मग रजा देणार कोण? म्हणून मंडळ काढलं. मालकानं मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही म्हणजे मजुरीवर ठरलेली टक्केवारी भरायची, आणि त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार. एकट्या मालकावर बोजा नाही आणि कामगारालाही कुणापुढं हात पसरायला नको. कोरडवाहू दादांची टोळीसुद्धा अशाच मंडळात बसू शकते.

पैसा कुठला, हेही महाराष्ट्रानं एकदा सोडवलंय. रोजगार हमीला पैसा लागला तेव्हा १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदारानं भरला आणि दुष्काळातल्या मजुराला काम मिळालं. मराठवाड्यानं तरी हे विसरू नये.

मोंढ्यावरून

मंडळाचं तुम्ही सांगताय, मी ते रोज बघतो. एक आडत्या प्रामाणिकपणे लेव्ही भरतो, शेजारचा नोंदणीच करत नाही, आणि बाजारात भाव दोघांनाही तोच. तपासायला येणारा माणूस भरणाऱ्याकडंच येतो, कारण कागद त्याच्याकडंच असतात.

पाठीवरचं_पोतं

म्हणजे तुमचा विरोध सुट्टीला नाही, चोरणाऱ्या शेजाऱ्याला आहे.

मोंढ्यावरून

दोन्हीला आहे. पण ताईंचं वाचून एवढं सांगतो : सगळ्यांकडून सक्तीनं वसूल होणार असेल तर टक्केवारी भरायला मी तयार आहे. महिन्याला किती जाणार ते आधी कळतं, धंद्यात धरता येतं. तीन दिवसांचा पगार एकट्याच्या गल्ल्यातून मात्र नाही. आणि चिठ्ठी पहिल्या दिवशी नको, दुसऱ्या दिवसापासून पाहिजेच.

रांजणगावकर

दुसऱ्या दिवशी तापलेला माणूस चिठ्ठीसाठी रांगेत तीन तास उभा करायचा आणि पुढच्या-मागच्या दहा जणांना प्रसाद द्यायचा, असंच ना? चौथ्या दिवसापासून चिठ्ठी ठेवा, मी सही करतो.

मोंढ्यावरून

तिसऱ्या. त्याच्या पुढं सरकणार नाही.