मदत हवी आहे : कृष्णकमळाच्या कळ्या उमलण्याआधीच गळतात

जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा. जांभळ्या कृष्णकमळाची वेल १४ इंची कुंडीत आहे, जाळीवर चढवलेली. वाढ जोरात, पानं हिरवीगार, नवे फुटवे रोज पुढे सरकतात. कळ्याही भरपूर लागतात, पण वाटाण्याएवढ्या झाल्या की देठाशी पिवळ्या पडतात आणि नुसता हात लागला तरी गळतात. एखादी तगली तर काय फूल होतं! निळ्या-जांभळ्या तंतूंची झालर, मधोमध पाच पुंकेसर, त्यांच्याही वर तीन कुक्षी. तेही जेमतेम एक दिवस टिकतं, म्हणून गळलेली प्रत्येक कळी जिवाला लागते.

ऊन सकाळी मिळतं, दुपारनंतर भिंतीची सावली. पाणी रोज घालते. शेणखत आहेच, शिवाय दर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं खत) देते. देठांवर मुंग्या सतत फिरतात, त्यांच्यामुळे कळ्या गळत असतील का? छाटणी करून बघू का?

उत्तर : मुंग्यांना राहू द्या. पानाच्या देठावर बारीक गाठी दिसतील, त्यातून गोड रस पाझरतो, त्यासाठी त्या येतात आणि पानं खाणाऱ्या अळ्यांना हुसकावतात. फक्त कोवळ्या शेंड्यांवर पांढरा पिठ्या ढेकूण नाही ना, ते बघा. तो असेल तर मुंग्या त्याला सांभाळतात, मग दोघांचाही बंदोबस्त करावा लागतो.

छाटणी आत्ता अजिबात नको. कृष्णकमळाला फूल नव्या फुटव्यावर, पानाच्या बगलेत येतं. आता कापलंत तर कळ्याच जातील. थंडी सरून नवी फूट सुरू होण्याच्या बेताला छाटा.

१९:१९:१९ थांबवा. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की वेल पानांनीच भरते. पालाश (पोटॅश) जास्त असलेलं खत द्या, तेही बेताने. पाणी ठरलेल्या वेळी न घालता मातीत बोट खुपसून बघा, वरचा इंचभर थर सुकला की घाला. एकदा ठणठणीत कोरडं, एकदा चिखल असं झालं तरी कळ्या गळतात. उन्हासाठी कुंडी हलवू नका, जाळी वर वाढवा. मुळं सावलीत चालतात, शेंडे उन्हात हवेत.

आणि एक कळी पांढऱ्या कागदावर झटकून बघा.

झटकली. सुतासारखे पिवळसर किडे पळाले! निंबोळी तेल चालेल का?

उत्तर : मग कळ्यांतला रस शोषणारे फुलकिडेच (थ्रिप्स) आहेत. चालेल. लिटरभर पाण्यात ५ मिली तेल, द्रव साबणाचे दोन-चार थेंब, आणि फवारणी ऊन उतरल्यावर. आधी एका पानावर करून बघा. उमललेल्या फुलांवर मात्र मारू नका, भुंगे येतात. आठवड्याने पुन्हा करा. कुंडीत गळून पडलेल्या कळ्या रोज उचलून टाका.