पुण्याच्या माहितीसाठी नवा मंच उभारायचा, की आहे त्यातच भर घालायची?

बोळकर

पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाची ग्रंथयादी गेल्या आठवड्यात हाती आली. एक्सेलची फाईल, उघडतानाच लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागला. लेखकाच्या रकान्यात 'राजवाडे वि. का.', 'वि. का. राजवाडे', 'इतिहासाचार्य राजवाडे', 'राजवाडे विश्वनाथ काशिनाथ' आणि इंग्रजी पुस्तकांपुढे 'व्ही. के. राजवाडे'. पहिले चार एकच गृहस्थ, १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ काढणाऱ्यांपैकी. पाचवे मात्र त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ, वैदिक शब्दांची उकल करणाऱ्या निरुक्ताचे अभ्यासक. इंग्रजी आद्याक्षरांपुढे दोघे भाऊ सारखेच.

दुसऱ्या संस्थेच्या यादीत हीच माणसं आणखी तिसऱ्या तऱ्हेने लिहिलेली. या याद्या एकमेकींशी बोलणार कशा?

यावर तोडगा जुनाच आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये लिंक्ड डेटाचे, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या माहितीचे, चार साधे नियम मांडले. प्रत्येक गोष्टीला नाव म्हणून एक पत्ता द्या. तो वेबवर उघडेल असा द्या. उघडल्यावर तिथे उपयोगाची माहिती मिळू दे. आणि तिथून दुसऱ्यांच्या पत्त्यांकडे दुवे द्या. माहिती तीन तुकड्यांच्या वाक्यांत मांडायची: 'हे पुस्तक – लेखक – तो पत्ता'. मग दोन भाऊ दोन पत्त्यांवर राहतात, आणि एकाच भावाची चार नावं एका छपराखाली येतात.

माझा प्रस्ताव: वाचनालयं, छोटी संग्रहालयं, वाड्यांच्या नोंदी ठेवणारे हौशी लोक, या सगळ्यांसाठी पुण्याचा एक मुक्तस्रोत मंच. एक्सेल चढवा, मंच सारखी नावं शोधून 'हा तोच का?' असं विचारेल, कायमचे क्रमांक देईल आणि लिंक्ड डेटा म्हणून प्रकाशित करेल. सगळं मराठीत. कोड सगळ्यांसाठी खुला. मी आणि दोन मित्र मिळून पहिला टप्पा करू शकतो. मतं हवीत, शिव्याही चालतील.

कर्वेरोड_कोडर

शिव्यांपासूनच सुरुवात करतो. दारात विहीर असताना परसात आड का खणायचा?

विकिडेटा, विकिपीडियाच्या कुटुंबातला खुला माहितीसाठा, २०१२ पासून आहे. तुमचं पुणं तिथे क्यू१५३८ या क्रमांकाने नांदतंय, मराठी नावासकट. दोन्ही राजवाडे तिथे वेगळे ठेवता येतात, नावाचे पर्यायी लेखन हवे तितके टाकता येतात. ज्या सॉफ्टवेअरवर ते चालतं ते विकिबेस मुक्तस्रोत आहे, स्वतःच्या सर्व्हरवर बसवा. संग्रहालयांसाठी ओमेका एस आहे, तोही मुक्तस्रोत. एक्सेलमधली नावं जुळवायला ओपनरिफाइन आहे. तुम्ही म्हणताय ते 'हा तोच का?' तो कधीपासून विचारतोय.

आपल्याकडे मंच करायची हौस फार. नव्याचे नऊ दिवस, दहाव्या दिवशी गिटहब या कोडच्या कोठारात शेवटचा बदल काय, तर 'रीडमी' ही माहितीची फाईल सुधारली.

बोळकर

रीडमीचा टोला लागला. माझ्या गिटहब खात्यावर असे तीन अर्धवट प्रकल्प आहेत.

पण विकिडेटावर टाकायचं तर सगळं सीसी-झिरोखाली जातं, म्हणजे कुठलाही हक्क न राखता. मी वाचनालयाच्या कार्यवाहांना हे समजावलं, तर ते म्हणाले, "चाळीस वर्षं आम्ही कार्डं लिहिली आणि आता आमचं नावही नको?" या भावनेला मी काय उत्तर देऊ? स्वतःचा मंच असेल तर श्रेयाची अट घालता येते.

दुसरं, शके. आपल्या जुन्या पुस्तकांवर शके छापलेलं असतं. विकिडेटाच्या तारखेत ग्रेगोरियन आणि ज्युलियन एवढ्या दोनच पद्धती. आणि तुम्ही स्वतःचा विकिबेस बसवा म्हणता, तर त्याच्या शोधयंत्रणेत आजवर वापरात असलेल्या ब्लेझग्राफचा विकास केव्हाच थांबलाय. विकिमीडियावालेच पर्याय शोधतायत.

कर्वेरोड_कोडर

म्हणजे जगभरातल्या पगारी माणसांना जे जड जातंय ते तुम्ही तिघे शनिवार-रविवारी करणार. बरं.

शकेचं म्हणाल तर मूळ मजकूर जसाच्या तसा एका रकान्यात ठेवा, शेजारी इसवी सन. झालं. यासाठी मंच लागत नाही, शिस्त लागते.

वाचनालय_काका

बोळकर, ज्या यादीवर ही चर्चा चाललीय ती ज्यांनी टंकली त्यातला मी एक. निवृत्तीनंतर मंगळवार-शुक्रवार जातो. म्हणून थोडं आमच्या टेबलावरून सांगतो.

शके हा प्रश्न लहान नाही. 'प्रकाशन वर्ष १८३२' अशी नोंद दिसली तेव्हा आम्ही तिघं अक्षरशः नाचलो. एवढं जुनं छापील पुस्तक आपल्या कपाटात! शिडी लावून काढलं तर मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर 'शके १८३२'. म्हणजे इसवी १९१०. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी आमचा आनंद मावळला. आता कुठल्या ओळीत शके आणि कुठल्या ओळीत सन, हे यादीवरून कळत नाही. पुस्तक हातात घ्यावंच लागतं. हे काम तुमचा मंचही करणार नाही आणि कोडरसाहेबांचा विकिबेसही नाही.

आणि फॉन्ट! आमची निम्मी यादी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात आहे. आमच्या संगणकावर ती मराठी दिसते, तुमच्याकडे पाठवली की खिळे-मोळे. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकार इकडेतिकडे उडतात. एका रूपांतरात 'विचार'ची वेलांटी 'च'वर गेली आणि सबंध कपाट बिघडलं.

एक जुनी गोष्टही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने अनुदान घेऊन अशाच नोंदींचं संकेतस्थळ केलं होतं. उद्घाटनाला शाली, नारळ, पेढे. आम्हीही नोंदी दिल्या. अनुदान संपलं, डोमेनचं नूतनीकरण कोणी करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आज तो पत्ता टाकला तर रमी खेळायचं आमंत्रण येतं. आमच्या छापील सूचीत मात्र तो पत्ता अजून आहे, एक वाचक तक्रार करून गेला.

"कायमचे क्रमांक देईल" असं तुम्ही लिहिलंत ना? कायमचे म्हणजे किती वर्षं, आणि कुणाच्या खिशातून?

बोळकर

काका, हे वाक्य मी फार सहज लिहून गेलो. मान्य.

रुमालवाली

मी मोडी वाचते. पुराभिलेखागारात रुमालात बांधलेले कागद असतात, त्यावर बसते. मला दोन्ही बाजूंची घाई खुपते.

कागदात येतं 'राजश्री नाना यांसी'. कुठले नाना? नानासाहेब पेशवे, की नाना फडणवीस? पाळण्यातलं नाव दोघांचंही बाळाजी. एक बाळाजी बाजीराव, दुसरे बाळाजी जनार्दन. कागदावर तारीख असेल तर सुटतं. पण कित्येक चिठ्ठ्यांवर फक्त चंद्र, म्हणजे चांद्र महिन्यातली तारीख, आणि महिना असतो, साल नसतं. मग हस्ताक्षर, सोबतचा कागद, कुणाची तक्रार आहे यावरून ठरवायचं, आणि तरीही 'बहुधा' लिहायचं.

तुमच्या तीन तुकड्यांच्या वाक्यात 'बहुधा' कुठे बसतं? एकदा मशीनने 'हा तोच' म्हणून जोडलं की पुढचे दहा जण तेच खरं धरून चालतात. विखुरलेली चूक परवडली, जोडलेली चूक सगळीकडे पसरते.

कर्वेरोड_कोडर

'बहुधा' बसतं, ताई. विकिडेटात प्रत्येक विधानाला जोडविधानं असतात: कुठल्या आधारावर, किती खात्रीने. एकाच गोष्टीची दोन परस्परविरोधी विधानंही शेजारी ठेवता येतात, दोन्हींचे संदर्भ वेगळे. शुद्ध त्रिकुटांत, म्हणजे नुसत्या तीन तुकड्यांच्या वाक्यांत, हे अवघड जातं हे मात्र खरं. विधानाबद्दल विधान करायचं म्हटलं की आकृती जाळ्यासारखी होते. म्हणूनच म्हणतो, हे ज्यांनी सोडवलंय त्यांच्याकडे जा.

रुमालवाली

सोय असणं वेगळं आणि भरणारा ती वापरणं वेगळं. 'खात्री किती' हा रकाना ऐच्छिक ठेवलात की तो रिकामाच राहणार. आमच्या मुद्रित खंडांतही तळटीप न वाचता मजकूर उचलणारे कमी नाहीत.

भांबुर्डेकर

हे सगळं कुणासाठी, असं कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच हात वर करतो. माझ्यासाठी.

आजोबांच्या कागदांत एक खरेदीखत आहे, 'मौजे भांबुर्डे'. भांबुर्डे म्हणजे आजचं शिवाजीनगर, हे मला आईने सांगितलं, संगणकाने नाही. 'शिवाजीनगर' शोधलं तर भांबुर्ड्याच्या जुन्या नोंदी येत नाहीत, 'भांबुर्डे' शोधलं तर नवीन येत नाहीत. इंग्रजी कागदांत तर तिसरंच स्पेलिंग. एका ठिकाणाला एक क्रमांक असता आणि त्याखाली ही सगळी नावं कालखंडासकट असती, तर माझे चार शनिवार वाचले असते. मंच कुणाचाही असो, हे करा.

कर्वेरोड_कोडर

> एका ठिकाणाला एक क्रमांक असता

पण एकच ठिकाण का? मौजे भांबुर्ड्याची हद्द आणि आज लोक ज्याला शिवाजीनगर म्हणतात तो भाग तंतोतंत तोच कसा असेल? इथे 'तोच' म्हणायचं की 'त्याचा वारस' म्हणायचं? लिंक्ड डेटाच्या ओडब्ल्यूएल या भाषेत 'हे दोन्ही एकच' सांगणारं 'सेमअ‍ॅज' लोक मिठासारखं टाकत सुटतात आणि मग सगळा रस्सा खारट.

रुमालवाली

प्रथमच तुमच्याशी सहमत.

साधा_फोल्डर

मला एक वेगळंच म्हणायचंय. मंच नको, फोल्डर हवा.

प्रत्येक संस्थेची सीएसव्ही फाईल, म्हणजे साध्या मजकुरातला तक्ता, सोबत कुठला रकाना म्हणजे काय ते सांगणारी छोटी वर्णनफाईल. सीएसव्ही ऑन द वेब हे डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक २०१५ पासून याचसाठी आहे. एक छोटी स्क्रिप्ट त्यातून प्रत्येक नोंदीचं साधं पान आणि जेएसओएन-एलडी ही लिंक्ड डेटाची फाईल बनवेल. पानं कुठल्याही फुकट होस्टिंगवर चालतात. डेटाबेस नाही, रात्री दोनला उठून सर्व्हर रीस्टार्ट करणं नाही.

काकांच्या रमीवर उपाय: पत्ता आपल्या डोमेनचा देऊच नका. डब्ल्यू३आयडीसारख्या सामुदायिक सेवेचा द्या, तो फक्त पुढे पाठवतो. उद्या होस्टिंग बदललं तर एक ओळ बदलायची, छापील सूचीतला पत्ता तसाच चालतो. सगळंच बुडालं तरी सीएसव्ही दहा जणांच्या संगणकावर असेल.

फ्रीबेस आठवा, विकिडेटासारखाच एक खुला माहितीसाठा. गूगलने २०१० मध्ये ते चालवणारी कंपनी घेतली आणि २०१६ मध्ये फ्रीबेस बंद केलं. त्यातला बराच डेटा वाचला तो उचलून नेता येत होता म्हणून.

बोळकर

फोल्डर मला पटतो, पण अर्धाच. काकांनी चूक दुरुस्त करायची कशी? गिट हे बदलांची नोंद ठेवणारं साधन शिकवू त्यांना? 'माझा बदल घ्या' या विनंतीला तिथे 'पुल रिक्वेस्ट' म्हणतात; ते ऐकून काका ओढायला दोरी शोधतील.

वाचनालय_काका

दोरी शोधणार नाही. मी महाराष्ट्र बँकेत सुरुवातीचं संगणकीकरण पाहिलंय, तुमच्या जन्माआधी. पण खरं आहे, मला एक्सेलच्या पुढे जायची इच्छा नाही. मी एक्सेल दुरुस्त करतो, तुमच्यापैकी एकाने दर महिन्याला ती फाईल घेऊन जावी. पेनड्राइव्ह आणा, आमचं इंटरनेट पावसात जातं.

कर्वेरोड_कोडर

बघा, ही झाली खरी रचना. कपाट, काका, एक्सेल, पेनड्राइव्ह, स्क्रिप्ट. मग व्यक्ती आणि ठिकाणांपुरते विकिडेटाचे क्रमांक शेजारच्या रकान्यात. यादी संस्थेची, श्रेय संस्थेचं, क्रमांक जगाचे. सीसी-झिरोचा वादही उरत नाही, कारण त्यांची यादी तिथे चढवायचीच नाही, फक्त तिकडे बोट दाखवायचं.

बोळकर

आणि ज्या व्यक्ती विकिडेटावर नाहीत? त्या यादीत निम्मे लेखक असे आहेत की त्यांचं एकच पुस्तक, तेही स्वखर्चाने छापलेलं. त्यांना क्रमांक कोण देणार? इथेच मला स्थानिक नोंदवही लागते. मंच म्हणू नका, नोंदवही म्हणा. तेवढ्यावर मी अडून बसणार.

साधा_फोल्डर

नोंदवहीला हरकत नाही. तीही सीएसव्हीच. क्रमांकात अर्थ घालू नका एवढंच, 'सदाशिव-००१२' वगैरे नको. उद्या नोंद नारायण पेठेत सरकली की पंचाईत.

रुमालवाली

'खात्री' आणि 'कुणी ठरवलं' हे दोन रकाने सक्तीचे असतील तर मी नोंदवहीत नावं तपासून देईन. ऐच्छिक असतील तर मला धरू नका.

वाड्यांबद्दल एक: ज्यांचे कज्जे चालू आहेत अशा वाड्यांत आज कोण राहतं ते नोंदवू नका. मालकीच्या रकान्यात जिवंत माणसांची नावं आली की उद्या वकिलाची नोटीस येईल, आणि ती तुमच्या मुक्तस्रोताला नाही, घरच्या पत्त्यावर येईल.

भांबुर्डेकर

मी खरेदीखताचा फोटो देतो. हद्दीची चतुःसीमा त्यात लिहिलीय, पूर्वेस ओढा वगैरे. ताई वाचतील का?

रुमालवाली

मोडीत असेल तर वाचेन. बाळबोध असेल तर स्वतः वाचा.

वाचनालय_काका

रविवारी आम्ही बंद असतो, पण मी दहाला उघडून देतो. 'र'चं कपाट आधी घेऊ, राजवाड्यांपासून. शके की सन ते पुस्तक उघडून बघायचं, एकाने वाचायचं, एकाने टंकायचं. कोडरसाहेब, तुम्हीही या. शिडीवर चढायला माणूस हवाय, माझे गुडघे आता ऐकत नाहीत.

कर्वेरोड_कोडर

येतो. पण मंच करायचा नाही हं.

बोळकर

नोंदवही.