रिशार गालियानो आणि जॅझमधलं ॲकॉर्डियन: पेटीवाल्याचा प्रश्न

भजनी_पेटी (सांगली)

नमस्कार मंडळी. मी भजनी मंडळात आणि हौशी नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांत पेटी वाजवतो. वडील ऑर्केस्ट्रात ॲकॉर्डियन वाजवायचे. त्यांचं १२० बासचं (डाव्या हाताला १२० बटणं असलेलं) वाद्य आता माझ्याकडे आहे. आमच्या घरी ॲकॉर्डियन म्हणजे हिंदी सिनेमाची गाणी आणि पुण्याचे इनॉक डॅनियल्स. परवा रिशार गालियानो या फ्रेंच वादकाला पहिल्यांदा ऐकलं आणि रात्री झोप लागेना. सूर एकदम सरळ, आणि एकच सूर धरून तो फुगवतो, बारीक करतो, सोडतो.

हा माणूस जॅझकडे कसा वळला? आणि माझ्या वाद्यातून तसा सूर का निघत नाही? माझा सतत थरथरतो.

सूर_जुळारी (पुणे)

पेट्या आणि ॲकॉर्डियन दुरुस्त करणं हा माझा धंदा आणि गालियानो माझ्या जिव्हाळ्याचा, तेव्हा उत्तर लांबणार.

जन्म १९५०, फ्रान्समधलं कान शहर. वडील ल्युसियाँ इटालियन वंशाचे, ॲकॉर्डियन शिकवायचे. पोरगा चौथ्या वर्षी वाद्याला लागला. पुढे नीसच्या संगीत विद्यालयात हार्मनी, काउंटरपॉइंट आणि ट्रॉम्बोन शिकला. या ट्रॉम्बोनकडे काणाडोळा करू नका. फुंकीच्या वाद्यावर कुठे दम घ्यायचा हे शरीरालाच कळत जातं, आणि त्याच्या भात्यात मला तेच ऐकू येतं.

चौदाव्या वर्षी त्यानं अमेरिकन जॅझवादक क्लिफर्ड ब्राउनचा ट्रम्पेट ऐकला. ब्राउन १९५६ साली मोटार अपघातात गेला होता, वय अवघं २५. त्याच्या रेकॉर्डींवरचे सोलो गालियानोनं उतरवून बोटांत बसवले. म्हणजे जॅझची बोली त्यानं ॲकॉर्डियनवाल्याकडून घेतली नाही, ट्रम्पेटवाल्याकडून घेतली. त्याच्या वादनाचं मर्म मला इथे दिसतं.

१९७३ मध्ये तो पॅरिसला आला. गायक क्लोद नुगारोकडे वादक आणि संयोजक म्हणून दहाएक वर्षं काढली, अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवाला चेट बेकर याच्याबरोबरही वाजवलं. पण फ्रान्समध्ये ॲकॉर्डियन म्हटलं की लोकांना आठवतं म्युसेट, पॅरिसच्या नाचघरांतली तीन मात्रांची वॉल्ट्झ. जॅझच्या नादी लागलेला गालियानो त्यापासून लांबच राहिला होता.

मग भेटला पियाझोला, आर्जेन्टिनाचा बँडोनिऑनवादक (बँडोनिऑन म्हणजे ॲकॉर्डियनचं भावंड, टँगो या तिथल्या नाचसंगीताचं वाद्य). त्यानं याला सांगितलं की मी जसा नवा टँगो उभा केला तसं तू नवं म्युसेट कर, अमेरिकेकडे बघत बसू नकोस, आपल्या मुळांकडे जा. पियाझोला हे अनुभवानं बोलत होता. १९५४ साली तो स्वतः पॅरिसला नादिया बूलांजे या नामवंत संगीतशिक्षिकेकडे शिकायला गेला तेव्हा आपण टँगो वाजवतो हे लपवत होता. बाईंनी त्याच्याकडून टँगो वाजवून घेतला आणि बजावलं की खरा पियाझोला हा, याला सोडू नकोस. बाईंनी याला दिलं, यानं पुढे गालियानोला दिलं. मला ही सगळी हकीकत फार प्रिय आहे.

'न्यू म्युसेट' हा त्याचा अल्बम १९९१ चा. गिटारवर फिलिप कॅथरीन, बासवर पियेर मिशलो, ड्रम्सवर आल्दो रोमानो. १९९३ मध्ये फ्रान्सच्या जॅझ अकादमीनं त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या नावाचा पुरस्कार दिला. चाळिशी उलटल्यावर ही घडी बसली. त्यातली वॉल्ट्झ ऐकताना पाय तीनच मात्रांवर पडतो, पण वरची ओळ ब्राउनच्या ट्रम्पेटसारखी आधी-नंतर सरकत राहते.

आता तुमची थरथर. ॲकॉर्डियनमध्ये एका पट्टीखाली सुरांचे, म्हणजे आवाज देणाऱ्या धातूच्या पात्यांचे, दोन-तीन संच असतात. त्यातले दोन मुद्दाम एकमेकांपासून किंचित हलवून जुळवतात. एक सेकंदाला ४४० कंपनांवर, दुसरा ४४३ वर ठेवला की सेकंदाला तीन लाटा ऐकू येतात. जुन्या म्युसेटमध्ये तर हे अंतर चांगलंच रुंद ठेवत. नाचघराच्या गोंगाटात सूर उठून दिसायला ते बरं, पण जलद सोलोत सगळं माखून जातं. गालियानोच्या सोलोत बहुतेक वेळा एकेरी सूर ऐकू येतो. तुमच्या वाद्यावर पट्ट्यांच्या वर स्विच असतील. ज्याच्या चित्रात वर्तुळाच्या मधल्या घरात एकच ठिपका आहे तो क्लॅरिनेटचा, तो दाबा. खालच्या घरात एक ठिपका असेल तो बासूनचा.

दुसरी गोष्ट हाताची. पेटीत बाहेरचा भाता आतल्या भात्यात हवा भरतो, तिथे ती साठते, म्हणून सूर एकसारखा राहतो. ॲकॉर्डियनमध्ये साठा नाही. डाव्या हाताचा प्रत्येक झटका थेट सुराला लागतो. पेटीवाल्याचा डावा हात इथे नव्यानं तयार करावा लागतो. रोज एकच सूर धरा, शून्यातून वाढवा, परत शून्यावर आणा. बोटं तुमची तयारच आहेत.

शिकागोकर

वरचं सगळं पटलं, फक्त एक भर. गालियानोचं वाद्य बटणांचं आहे, तुमचं पियानोच्या पट्ट्यांचं. त्याची बोटं बघून शिकायला गेलात तर हाती काही लागणार नाही. तुम्ही आर्ट व्हॅन डॅमपासून सुरुवात करा. मिशिगनमध्ये १९२० साली जन्म, वाढला आमच्या शिकागोत, १९४५ पासून पंधरा वर्षं एनबीसी रेडिओवर. पट्ट्यांचंच ॲकॉर्डियन. त्याच्या क्विन्टेटमध्ये (पाच जणांच्या ताफ्यात) व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठीनं वाजवायचं वाद्य), गिटार आणि ॲकॉर्डियन एकच धून इतकी नेमकी वाजवतात की तिन्ही मिळून चौथंच वाद्य वाटतं. २०१० मध्ये गेला. गालियानोइतका तो मनाला भिडत नाही हे मान्य, पण स्वच्छ वाजवणं म्हणजे काय ते कळतं.

सूर_जुळारी (पुणे)

बोटांसाठी व्हॅन डॅम, बरोबर. भात्यासाठी मात्र गालियानोच. आणि दोघांच्या आधीचा, १९१५ साली जन्मलेला बेल्जियन गुस व्हिझर पण ऐका. म्युसेट आणि स्विंग (जॅझचा झुलता नाचाचा ढंग) एकत्र नांदू शकतात हे त्यानं आधीच वाजवून ठेवलं होतं.

भजनी_पेटी (सांगली)

खूप आभार, दादा. मधल्या ठिपक्याचा स्विच दाबला, थरथर गेली! बाबा तो कधीच वापरत नसत. पण मधल्या सप्तकातले दोन सूर उशिरा बोलतात. पेटीच्या कामाचं मशीनचं तेल आहे घरात, एक थेंब सोडू का?

सूर_जुळारी (पुणे)

अजिबात नको! तेलावर धूळ बसून सूर कायमचा जाईल. सुरामागची चामड्याची पट्टी वाकली असेल किंवा सूर जागेवर धरणारं मेण सुकलं असेल, दोन्ही दुरुस्त होतं. वाद्य पुण्याला आणाल तेव्हा उन्हात गाडीत ठेवू नका, मेण मऊ होऊन सूर सुटतात. आणि खोक्यात आडवं टाकू नका, वाजवताना जसं छातीशी असतं तसं उभं ठेवून आणा.