जैविक शस्त्रबंदी करार : दात नाहीत म्हणून फेकून द्यायचा?

निर्जंतुक :
कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलं की १९७२चा करार निव्वळ रद्दी, तपासणीच नाही तर बंदी कसली. प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

तपासणी नाही, मान्य. पण मोजणार काय? युरेनियमचा हिशेब ठेवता येतो. इथे जंतू वाढवायची टाकी, म्हणजे फर्मेंटर, तोच लस करणाऱ्याकडे आणि तोच शस्त्र करणाऱ्याकडे. तरी शोधणारे शोधतात. इराकने १९८८मध्ये सुमारे ३९ टन कल्चर मीडिया, म्हणजे जंतू वाढवायचं खाद्य, मागवल्याचं 'अन्स्कॉम'ने (इराकमधली शस्त्रं तपासणारं संयुक्त राष्ट्रांचं पथक) पुरवठादारांच्या कागदांवरून काढलं. इराक म्हणे रुग्णालयांसाठी. अहो, रुग्णालयाची लॅब ते छोट्या डब्यांतून घेते, कारण झाकण उघडलं की पावडर ओल धरते. यांनी मागवले २५ ते १०० किलोंचे ड्रम! १ जुलै १९९५ला जैविक शस्त्रांची कबुली द्यावीच लागली.

उपरोधिक :
उदाहरण तुमच्याच अंगावर आलंय. अन्स्कॉम हरलेल्या देशावर सुरक्षा परिषदेने लादला होता, या करारातून नव्हे. करारात आहे सहावं कलम : तक्रार सुरक्षा परिषदेत न्या, जिथे आरोपीच्याच हातात नकाराधिकार. २०२२मध्ये रशियाने युक्रेनमधल्या प्रयोगशाळांवरून ते पहिल्यांदा वापरलं. तपासाच्या ठरावावर मतं : बाजूने २, विरोधात ३, तटस्थ १०. त्या दहांत आपण. आपलं तळ्यात-मळ्यात कधी संपणार देव जाणे.

आणि सोव्हिएत संघ? कराराच्या तीन राखणदारांपैकी एक. सही करून 'बायोप्रेपरात' उभारलं, म्हणजे जैविक शस्त्रांचा छुपा कारखानाच. कुंपणानेच शेत खाल्लं.

पेट्रीडिश :
स्वेर्दलोव्स्क या सोव्हिएत शहराचं नाव येणारच आता. १९७९चे तिथले अँथ्रॅक्सचे (गुराढोरांकडून माणसाला होणारा जीवघेणा जंतुरोग) मृत्यू रोगट जनावरांच्या मांसामुळे, असं चांगले शास्त्रज्ञही मानत होते. आसपास जनावरं मेली होती, शवविच्छेदनात आतड्यांतही रक्तस्राव होता. प्रत्येक साथीत लष्कराचा हात शोधायची खाज बरी नव्हे.

निर्जंतुक :
'मानत होते' हे बरोबर. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ मेसेलसन स्वतः मानत होते आणि १९९२मध्ये त्यांनीच तिथे जाऊन ते खोडलं. सोव्हिएत गुप्तचर संस्था केजीबीने रुग्णालयाची कागदपत्रं नेली, पण अब्रामोवा आणि ग्रिनबर्ग या डॉक्टरांनी ऊतींचे नमुने लपवून ठेवले होते. ४२ शवविच्छेदनं, सगळ्यांत छातीतल्या लसिकाग्रंथी रक्ताळून सडलेल्या. म्हणजे जंतू श्वासातून शिरले. आतड्यांत नंतर रक्तावाटे पोचले.

मग जंतू सुटल्याच्या दिवशी, २ एप्रिल १९७९ला, दिवसा कोण कुठे होतं ते नकाशावर मांडलं. मृतांची एक अरुंद पट्टी, लष्करी 'कंपाउंड १९'पासून आग्नेयेला सुमारे चार किलोमीटर. त्याच रेषेत पुढे पन्नास किलोमीटरपर्यंत मेंढ्या-गुरं मेलेली. त्या दिवशी वारा वायव्येकडून. किमान ६६ बळी. आता सांगा, मांसाला वाऱ्याची दिशा कुणी कळवली?

पेट्रीडिश :
आवाज चढवायची गरज नाही. बरं, मांस घेतलं मागे. खूश? पण १९९२ला रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी लष्कराचा हात कबूल करेपर्यंत तेरा वर्षं गेली. तुमचा करार तेव्हा काय करत होता?

उपरोधिक :
मी पहिल्यापासून तेच म्हणतोय, पण लोकांना लसिकाग्रंथीच मोजायच्या आहेत.

निर्जंतुक :
कराराला तपासणीचे दात बसवणारा मसुदा सहा वर्षं घासून तयार होता. जुलै २००१मध्ये अमेरिकेने तो झटकला : औषध कंपन्यांची गुपितं आणि स्वतःची जैवसंरक्षणाची कामं उघडी पडतील म्हणून. दोनच महिन्यांत टपालातून अँथ्रॅक्सची पाकिटं सुरू झाली, पाच जण गेले, आणि एफबीआयचा निष्कर्ष? त्यांच्याच लष्करी प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ. यात कराराचा दोष कसा?

कोपऱ्यातला :
सगळेच संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांची तपास यंत्रणा विसरलात. १९८७पासून आहे. तक्रार आली की ते तज्ज्ञ पाठवू शकतात, तिथे नकाराधिकार चालत नाही. २०१३मध्ये सीरियात रासायनिक हल्ल्यासाठी वापरली.

उपरोधिक :
पाठवा की. यजमानाने दार उघडलं तर आत जातील. रासायनिक करारासाठी हेगला शेकडो माणसांची संस्था आहे, जैविकसाठी जिनिव्हात जेमतेम चार जणांचं कार्यालय. ते काय तपासणार, एकमेकांचे हजेरीपट?

निर्जंतुक :
मग माणसं वाढवा म्हणा. करार फेका कशाला म्हणता?