प्लेगनंतर मुंबई सुधारली ती कुणाची?

चाळकरी_परळ:
काल एकाने इथे लिहिलं, "१८९८ च्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने मुंबईला हवा-उजेड दिला, आजचे बिल्डर तोच हिसकावतायत." वर लाइकचा पाऊस! वाचून डोकं फिरलं. अहो, उजेड दिला तो कुणाला? १८९६ ला मांडवीत प्लेग आला आणि पुढे शहर सुधारायला नेमलेल्या या सरकारी ट्रस्टने नागपाड्यापासून पाडापाडी धरली. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे सगळे भरवस्तीतून काढले. जेवढी घरं पाडली तेवढी बांधली नाहीत. जी बांधली त्यांचं भाडं गोदीतल्या हमालाला झेपेना. तो बिचारा बाजूच्या गल्लीत शिरला आणि तिथली गर्दी वाढली. दादर-माटुंग्याचे आखीव प्लॉट मात्र पांढरपेशांच्या पदरात.

दादरकर:
तो "एकाने" मीच. राहतो हिंदू कॉलनीत, म्हणून शिव्या खायला तयार आहे. पण ट्रस्टचा अध्यक्ष जे. पी. ऑर याने धरलेला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम ठाऊक आहे का? इमारतीच्या उंचीच्या निम्मी मोकळी जागा समोर हवी, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतही आभाळ दिसेल. आज लालबागला या. टॉवरच्या पाठीला चिकटवलेली पुनर्वसनाची इमारत बघा, समोरच्या घरात आज कसली भाजी आहे ते वासावरून सांगता येतं. आणि परळची बीआयटी चाळ, म्हणजे याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, कुणी बांधली? बाबासाहेब तिथेच राहिले ना?

चाळकरी_परळ:
राहिले, दोन खोल्यांत. ते ट्रस्टचं कर्तृत्व झालं होय? नियम चांगला होता, मान्य. कागदावर सगळेच ऑर असतात.

गिरगाव_मालक:
ट्रस्ट, बिल्डर सोडा हो. मुंबई सडली ती १९४७ च्या भाडे कायद्याने. १९४० च्या सप्टेंबरचं भाडं गोठवलं ते गोठवलंच. आजोबांची इमारत आहे आमची. महिन्याच्या सगळ्या भाड्यात गच्चीचं डांबरसुद्धा होत नाही. आणि "मालक दुरुस्ती करत नाही" म्हणून बोंब पुन्हा आमच्याच नावाने.

ठाकूरद्वार_भाडेकरू:
मालकसाहेब, खोली देताना भाड्यावर एकरकमी घेता त्या पागडीबद्दल चकार शब्द नाही? माझ्या सासऱ्यांनी बायकोचे दागिने मोडून पागडी दिली. पावती मागितली तर तुमच्यासारख्याच एकाने जिना दाखवला. पागडीला कायद्यात जागा मिळाली १९९९ च्या कायद्याने, तोवर सगळं काळ्यात. तो पैसा गेला कुठल्या डांबरात?

गिरगाव_मालक:
ताई, सगळे मालक एका माळेचे मणी नसतात. खोली परस्पर विकून अंबरनाथला बंगला बांधणारे भाडेकरूही मी पाहिलेत.

ठाकूरद्वार_भाडेकरू:
आमचा बंगला दिसला तर पत्ता कळवा, आम्हीही राहायला जाऊ.

संक्रमणवाली:
तुमचं चालू द्या. आमची इमारत धोकादायक म्हणून रिकामी केली, ३३(७) खाली, म्हणजे जुन्या सेसच्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमाखाली, नवी बांधून देतो म्हणाले. तोवर राहायला संक्रमण शिबिर. लेक शिबिरातूनच बालवाडीत गेली, तिथूनच लग्न होऊन गेली. बिल्डरने मध्येच भाडं बंद केलं, पुढे तो गायब. ऑरच्या कोनाचं काय घेऊन बसलात, आधी छप्पर बोला.

दादरकर:
हे वाईटच. पण ताई, म्हणूनच म्हणतो, ट्रस्ट निदान सरकारी तरी होता. जाब विचारायला पत्ता होता.

चाळकरी_परळ:
पत्ता होता! विचारणार कोण? ज्याचं घर पाडलं त्याला मत होतं का तेव्हा? १९३३ ला ट्रस्ट पालिकेत विलीन झाला, तोवर ज्यांना उठवायचं त्यांना उठवून झालं होतं.

वरळी_बीडीडी:
सरकारीच म्हणत असाल तर बीडीडीचं, म्हणजे इंग्रज सरकारने बांधलेल्या आमच्या चाळींचं बघा. १६० फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढल्या, आता ५०० फुटांचं घर, तेही म्हाडाकडून. ऐकून ऐकून कान किटले होते, पण मिळतंय. चाळकरी, एवढं तरी गोड मानून घ्या.

चाळकरी_परळ:
मानलं. जमीन सरकारची, म्हणून जमलं. भेंडीबाजारात, गिरगावात जमीन कुणाची ते मालकांना विचारा. आणि मोकळ्या विक्रीचे टॉवर त्याच आवारात चढणार, तेव्हा त्यांची सावली कुणावर पडते तेही एकदा मोजा. साडेत्रेसष्ट अंशांनी.

दादरकर:
हां! म्हणजे ऑर लागतोच.

चाळकरी_परळ:
लागतो. ट्रस्ट नाही.

गिरगाव_मालक:
आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीचा कर, तो सेस, कोण भरतं तेही लिहा.

ठाकूरद्वार_भाडेकरू:
आम्हीच भरतो, भाड्याच्या पावतीवर बघा. त्याची तरी पावती देता ना?