लॅपटॉप, दोन फोन आणि गाडी: गाण्यांचा संग्रह आणि प्लेलिस्ट सगळीकडे सारख्या कशा ठेवाव्यात?

गानलुब्ध

नमस्कार. घरातल्या सीडी आणि कॅसेटींवरचे संगीत मी संगणकावर उतरवून घेतले असून त्यात शास्त्रीय, नाट्यसंगीत, अभंग आणि वऱ्हाडी लोकगीते असे विभाग आहेत. सीडींवरून घेतलेल्या फाईली फ्लॅक या मूळ दर्जा राखणाऱ्या स्वरूपात, तर कॅसेटींवरच्या एमपी३ स्वरूपात आहेत आणि सगळे मिळून १८० जीबीच्या आसपास भरते. हा संग्रह विंडोजच्या लॅपटॉपवर आहे आणि त्याची व्यवस्था मी म्युझिकबी या गाणी सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये ठेवतो. ऐकणे मात्र माझ्या अँड्रॉइड फोनवर, पत्नीच्या आयफोनवर आणि गाडीत पेनड्राइव्ह लावून होते.

फाईली फोनवर जातात, त्याबद्दल तक्रार नाही. पण सोबत पाठवलेली प्लेलिस्ट फोनवर उघडली की ती रिकामी निघते, किंवा देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. सकाळी ऐकायच्या रागांचा क्रम मी फोनवर पुन्हा लावला, तर तो लॅपटॉपवर परत येत नाही. शिवाय वऱ्हाडी लोकगीतांचा काही भाग एका स्नेह्यांच्या जुन्या मॅकवरून पेनड्राइव्हने आला आणि तेव्हापासून लॅपटॉपवर "वऱ्हाडी लोकगीते" या तंतोतंत एकाच नावाची दोन फोल्डर शेजारीशेजारी दिसतात, जे मुळात शक्य कसे आहे हेच मला उमगत नाही.

सगळे उचलून एखाद्या ऑनलाइन सेवेत चढवून मोकळे व्हावे, असा सल्ला अनेक जण देतात. तो मानावा का, आणि न मानल्यास दुसरा मार्ग कोणता, याबद्दल जाणकारांनी सांगावे.

तारायंत्र

आधी प्लेलिस्टचा प्रश्न घेऊ, कारण तो सुटला की बाकीचे बरेच सोपे होते. प्लेलिस्ट ज्या स्वरूपात जतन होते ती एम३यू ही साधी मजकुराची फाईल असते. ती नोटपॅडमध्ये उघडून पाहा. तिच्यात प्रत्येक गाण्यासाठी एक ओळ आणि त्या ओळीवर फाईलचा पत्ता, एवढेच असते. आपल्याकडे ती ओळ बहुधा अशी दिसेल:

डी:\संगीत\संग्रह\शास्त्रीय\तोडी\०१ विलंबित.फ्लॅक

आता फोनवर "डी" नावाची ड्राइव्ह नसते आणि फोल्डरांच्या नावांमधली तिरकी रेघही तिथे दुसऱ्या बाजूला झुकलेली असते. फोनला हा पत्ता सापडत नाही, म्हणून यादी रिकामी दिसते. त्याऐवजी पत्ता सापेक्ष असावा, म्हणजे प्लेलिस्टची फाईल जिथे ठेवली आहे तिथून मोजलेला असावा:

../संग्रह/शास्त्रीय/तोडी/०१ विलंबित.फ्लॅक

सुरुवातीची दोन टिंबे "एक पायरी वर जा" असे सांगतात. यासाठी प्रत्येक उपकरणावर "संगीत" हे एकच मूळ फोल्डर करून त्याच्या पोटात "संग्रह" आणि "याद्या" अशी दोन फोल्डर ठेवावीत. मूळ फोल्डर कुठेही असले तरी आतली रचना सारखी राहिली की पत्ता चुकत नाही. म्युझिकबीमध्ये प्लेलिस्टची एम३यू नक्कल आपोआप बाहेर काढून ठेवण्याची सोय आहे आणि तिथेच सापेक्ष मार्गाचा पर्याय मिळतो. नक्कल काढताना स्वरूप एम३यू८ निवडावे, कारण साध्या एम३यूमध्ये अक्षरे कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे कोणत्या सांकेतिक पद्धतीने, लिहिली आहेत हे ठरलेले नसते, तर एम३यू८ म्हणजे खात्रीने यूटीएफ-८, ही देवनागरीही नीट सांभाळणारी पद्धत. आपली प्रश्नचिन्हांची रांग त्यानेच जाईल.

फाईलींच्या देवाणघेवाणीसाठी मी सिंकथिंग हा उपकरणांवरची फोल्डर सारखी ठेवणारा प्रोग्राम सुचवेन. तो मुक्त स्रोत आहे, मधे कोणाचाही सर्व्हर साठवणुकीला लागत नाही आणि दोन उपकरणे एकमेकांशी थेट बोलतात. अँड्रॉइडवरचे त्याचे मूळ अ‍ॅप २०२४च्या अखेरीस बंद झाले असून आता सिंकथिंग-फोर्क नावाची शाखा वापरावी लागते. फोनच्या बॅटरी बचतीच्या यादीतून तिला वगळायला विसरू नये, नाहीतर पडदा मिटताच ती झोपी जाते आणि आपण प्रोग्रामला दोष देत बसतो.

खरी काळजी दिशेची घ्यायची. "संग्रह" हे फोल्डर लॅपटॉपवर फक्त पाठवणारे आणि फोनवर फक्त स्वीकारणारे असे ठरवावे. दोन्ही बाजूंनी मोकळीक ठेवली, तर फोनवर जागा करण्यासाठी खोडलेला एखादा राग काही मिनिटांत लॅपटॉपवरूनही नाहीसा होईल. "याद्या" हे फोल्डर मात्र दुतर्फा ठेवावे आणि त्यावर जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय चालू करावी. या फाईली काही केबींच्या असतात, त्यामुळे त्यांच्या कितीही जुन्या प्रती ठेवल्या तरी जागेचा प्रश्न येत नाही. एकच यादी दोन्हीकडे एकाच वेळी बदलली गेली, तर सिंकथिंग एक प्रत "सिंक-कॉन्फ्लिक्ट" असे नाव जोडून बाजूला ठेवते. ती कधीतरी डोळ्यांनी पाहून निकालात काढावी.

येथे एक खोच आहे. फोनवरचे काही प्लेअर यादी जतन करताना सापेक्ष पत्ता पुसून फोनचा पूर्ण पत्ता लिहितात आणि तीच यादी दुतर्फा वाटेने लॅपटॉपवर येऊन तिथली बिघडवते. आपला प्लेअर तसे करतो का हे एका चाचणीच्या यादीवर आधी तपासा. करत असेल, तर "याद्या" हेही एकतर्फी ठेवून क्रम फक्त लॅपटॉपवर लावणे हाच उपाय उरतो.

अनुस्वार

दोन जुळ्या फोल्डरांचे कोडे माझ्या आवडीचे असल्याने तेवढ्यापुरते लिहितो. डोळ्यांना जे एक दिसते ते संगणकाला दोन वेगवेगळ्या अक्षरमालिका दिसतात, आणि कारण "वऱ्हाडी"तला ऱ आहे.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, ऱ साठी स्वतंत्र क्रमांक आहे, यू+०९३१. पण तेच अक्षर साधा र आणि त्याखाली नुक्ता (अक्षराखालचे टिंब), म्हणजे यू+०९३० आणि यू+०९३सी, अशा जोडीनेही लिहिता येते, आणि युनिकोडच्या नियमाने ही दोन्ही रूपे समतुल्य मानली जातात. जुन्या मॅकवरची एचएफएस प्लस ही फाईल व्यवस्था फाईलींची नावे फोड केलेल्या रूपात साठवत असे. २०१७ पासून मॅकवर आलेली एपीएफएस नाव जसे दिले तसे जपते आणि शोधताना दोन्ही रूपे एकच धरते. विंडोजची एनटीएफएस मात्र समतुल्यता वगैरे काही पाहत नाही. तिच्या लेखी ती दोन निराळी नावे आहेत आणि ती दोन फोल्डर निमूटपणे करून देते.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी यात आणखी एक वळण आहे. काही कळफलक "ऱ्ह" हे जोडाक्षर ऱ आणि हलन्त चिन्ह वापरून घडवतात, तर काही र, हलन्त आणि एक अदृश्य जोडक वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, पण ही रूपे युनिकोडमध्येही समतुल्य नाहीत, त्यामुळे कोणतेही आपोआप होणारे सामान्यीकरण (समतुल्य रूपे एकाच रूपात आणणे) त्यांना एकत्र आणणार नाही. "अ‍ॅ" या अक्षराचीही तीच कथा आहे. म्हणून लॅपटॉपवर एक फोल्डर निवडून दुसऱ्यातल्या फाईली त्यात हलवाव्यात, रिकामे झालेले खोडावे आणि ज्या ज्या फाईलींच्या नावांत ऱ आहे त्यांची नावे एकाच कळफलकाने पुन्हा लिहावीत. सिंकथिंगमध्ये नावांचे सामान्यीकरण मुळातच चालू असते; ते बंद करू नये. हे सगळे सिंक सुरू करण्याआधी करावे, कारण नंतर केल्यास प्लेलिस्टमधले पत्तेही पुन्हा दुरुस्त करावे लागतील.

जाता जाता: स्नेह्यांच्या फाईलींच्या नावांत विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह असेल तर तेही काढून टाका. ही चिन्हे विंडोजवर नावांत चालत नाहीत आणि एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरही नाही.

ओटीवरचा सर्व्हर

आयफोनबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून मी लिहितो. आयफोनवर सर्व अ‍ॅपना मिळून वापरता येईल असे गाण्यांचे एक फोल्डर नसते. प्रत्येक अ‍ॅपचे सामान त्याच्या त्याच्या खोलीत. त्यामुळे वरची रचना तिथे जशीच्या तशी उभी राहत नाही, आणि अ‍ॅपलच्या म्युझिक अ‍ॅपमध्ये संग्रह सिंक करण्याचा पर्याय चालू असेल तर संगणकावरून हाताने गाणी भरण्याची वाटही बंद होते.

अशा मिश्र घरासाठी नॅव्हिड्रोम हा छोटा संगीत-सर्व्हर मला सर्वांत समंजस वाटतो. तो रास्पबेरी पायसारख्या लहान संगणकावरही चालतो, संग्रहाचे फोल्डर फक्त वाचतो आणि त्यात सापडलेल्या एम३यू फाईली स्वतःहून प्लेलिस्ट म्हणून घेतो, त्यामुळे तारायंत्र यांनी सांगितलेली सापेक्ष पत्त्यांची शिस्त इथेही कामी येते. मात्र त्याला "संग्रह" न दाखवता वरचे "संगीत" हे फोल्डर दाखवावे, नाहीतर "याद्या" त्याच्या नजरेआड राहतील. अशा रीतीने आलेल्या याद्या व्यवस्थापकाच्या खात्यावर जमा होतात; पत्नीच्या खात्यातून त्या दिसाव्यात यासाठी प्रत्येक यादी सार्वजनिक करावी लागते. नॅव्हिड्रोम सबसॉनिक या दुसऱ्या संगीत-सर्व्हरची संवादाची पद्धत समजतो, म्हणून अँड्रॉइडवर सिम्फोनियम, आयफोनवर अँपर्फी, अशी आपापल्या पसंतीची अ‍ॅप लावता येतात आणि प्रवासासाठी यादी उतरवूनही ठेवता येते.

घराबाहेरून ऐकण्यासाठी राउटरचे दार इंटरनेटवर उघडे टाकू नये. टेलस्केलसारखे खासगी जाळे लावले की फोन घरातच असल्यासारखा सर्व्हरशी बोलतो, आणि आपल्याकडे पुष्कळ जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नसला तरी त्याने अडत नाही.

ऑनलाइन सेवांविषयी माझे मत थोडे कडक आहे. यूट्यूब म्युझिक १ लाख गाणी चढवू देते, अ‍ॅपलचीही मर्यादा तेवढीच आहे, म्हणजे संख्येची अडचण कोणाला येणार नाही. पण अ‍ॅपल २ तासांहून लांब किंवा २०० एमबीहून मोठी फाईल घेत नाही, आणि ज्यांच्याकडे पूर्ण मैफल एका फाईलमध्ये आहे त्यांना ही अट नेमकी नडते. शिवाय स्वतः अ‍ॅपलच सांगते की ही सोय बॅकअप नव्हे. गुगल प्ले म्युझिक २०२०च्या अखेरीस बंद झाले तेव्हा लोकांना आपापली गाणी मुदतीत हलवावी लागली होती. या सेवा जास्तीची खिडकी म्हणून खुशाल वापराव्यात, पण संग्रह आपल्या घरातल्या डिस्कवरच असावा आणि त्याची एक प्रत सिंकच्या कक्षेबाहेर, एरवी न जोडलेल्या दुसऱ्या डिस्कवर असावी. खराब झालेली फाईलही सिंक तितक्याच इमानाने सगळीकडे पोचवते.

गानलुब्ध

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नावे दुरुस्त केल्यावर जुळे फोल्डर गेले आणि सापेक्ष पत्त्यांनी केलेली पहिली यादी फोनवर पूर्ण उघडली. आता दोन शंका उरल्या आहेत. फोनवर १८० जीबी मावणार नाहीत, म्हणून फ्लॅकच्या जागी लहान फाईली ठेवायच्या झाल्यास प्लेलिस्टचे काय होईल? आणि गाडीतला प्लेअर यादीकडे ढुंकूनही पाहत नाही, तो स्वतःच्याच क्रमाने वाजवतो.

तारायंत्र

पहिली शंका रास्त आहे. फ्लॅकचे ओपस या लहान फाईलींच्या स्वरूपात रूपांतर केले की फाईलच्या नावाची शेपटी बदलते आणि यादीतला पत्ता त्या शेपटीपाशीच अडतो. फ्लॅकला मिनिटाला साधारण ५ एमबी लागतात, तर १२८ केबीपीएसच्या ओपसला जेमतेम १ एमबी, त्यामुळे रूपांतर करण्याचा मोह योग्यच आहे. त्यासाठी लॅपटॉपवर "संगीत-फोन" असे दुसरे मूळ फोल्डर करून त्यात आतली रचना तीच ठेवावी आणि याद्यांच्या नकलेत "फ्लॅक" या शेपटीऐवजी "ओपस" अशी सरसकट अदलाबदल करावी. नोटपॅडमध्येही ते काही क्षणांत होते. फोनशी सिंक याच फोल्डराचे करावे. तेव्हा याद्या एकतर्फी ठेवण्यावाचून इलाज नाही, कारण फोनवरून परत आलेली यादी ओपसचे पत्ते घेऊन येईल. नॅव्हिड्रोम वापरणार असाल तर हा खटाटोपच नको, तो वाजवताना हवे ते रूपांतर करून देतो.

गाडीच्या बाबतीत सिंकचा आग्रह सोडावा. पुष्कळ गाड्यांमधले प्लेअर एम३यू वाचत नाहीत, देवनागरी दाखवत नाहीत, आणि काही तर फाईली पेनड्राइव्हवर ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर प्रत्येक यादीसाठी एक फोल्डर करावे, फाईली एमपी३ करून त्यांच्या नावांआधी ०१, ०२ असे आकडे घालावेत, नावे रोमन लिपीत ठेवावीत आणि त्या एकेक करून त्याच क्रमाने उतरवाव्यात. यादी बदलली की ते फोल्डर पुसून नव्याने भरावे.